बाजारभावाखालच्या तीन चौकटी

लातूर जिल्ह्यातल्या कितीतरी पाट्या माझ्या हातच्या आहेत. शाळा, दवाखाने, सोसायट्या, दोन स्मशानभूमी आणि एक सरकारी विश्रामगृह. पाटी कुणी लिहिली हे कुणी विचारत नाही, आणि तसंच असायला पाहिजे. पाटी चांगली असेल तर माणसाला अक्षर दिसत नाही, नाव दिसतं. पण अजूनही पन्नाशी-साठीतला एखादा गृहस्थ मला गंजगोलाईच्या बाजारात थांबवतो, चष्मा वर करून बघतो आणि विचारतो, "पेंटर, भैरव तुम्हीच ना?" मी हो म्हणतो. ते पुरतं खरं नाही आणि पुरतं खोटंही नाही.

या अंकासाठी पेंटरच्या धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी पाट्यांचंच लिहायला बसलो होतो. चार पानं झाली. त्यात रंग होते, ब्रश होते, लोकांच्या चुकलेल्या वेलांट्या होत्या, आणि मी कुठंच नव्हतो. ती पानं फाडली. आता लिहितोय ते त्या तीनेक वर्षांचं, ज्यात मी एकही पाटी रंगवली नाही, नुसते फुगे भरले.

फुगा म्हणजे चित्रकथेतल्या माणसाच्या तोंडाजवळ काढलेला पांढरा गोल, ज्यात त्याचं बोलणं लिहितात. पण त्याआधी पाट्यांचं सांगावंच लागतं.

मी मूळचा उदगीरचा. चित्रकला शिक्षकाची परीक्षा पास होऊन शाळेतल्या जागेची वाट बघत होतो. त्याच आशेवर धर्माबादच्या वीरभद्रप्पांनी त्यांची मुलगी महानंदा मला दिली. त्यांची मिरचीची अडत होती, घरात कशाला कमी नव्हतं. जागा काही निघाली नाही. पोटासाठी मी दुकानांच्या पाट्या लिहायला लागलो आणि लातूरला एका खोलीत आम्ही संसार मांडला. सासऱ्यांना हे लागलं असणार, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला. माझ्यासारख्याला सुगीच आली. एका हुकुमानं सगळ्या पाट्या खोट्या पडल्या. 'जि. उस्मानाबाद' पुसायचं आणि 'जि. लातूर' लिहायचं, हेच काम महिनोन्‌महिने चाललं होतं. मागोमाग पावसानं दगा दिला. नवा जिल्हा, नवे साहेब आणि नवे टँकर, असे ते दिवस होते.

महानंदाला पाचवा महिना होता. एके सकाळी ती म्हणाली की कंबर लई भरून आलीय, आज टँकरची पाळी हाय, आज जाऊ नका. मला जळकोटच्या रस्त्यावरच्या शाळांच्या पाट्या दोन दिवसांत द्यायच्या होत्या. साहेबांची फेरी ठरली होती. शेजारणीला सांग म्हणालो आणि डबे-ब्रश घेऊन निघालो.

तिसऱ्या दिवशी परत आलो तर ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. मला वाटलं, रुसलीय. मी खाली बसलो आणि तिचा रुसवा काढायला म्हणून पाट्यांचं सांगत सुटलो. निळ्यावर पांढरं कसं उठून दिसतं, 'लातूर'मधला उकार मी कसा वळवून घेतला, साहेब जीपमधून उतरून कसे बघत राहिले. पाव तास तरी बोललो असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शेजारीण दारात आली, मला बाहेर बोलावून घेतलं, आणि तेव्हा कळलं. टँकरच्या गर्दीत धक्का बसून ती पडली होती. आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आणली होती. मूल गेलं होतं.

मी आत गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून काहीच बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी सासरे आले. त्यांच्या कोटाच्या खिशात आमच्या लातूरचंच एक वर्तमानपत्र चौघडी घालून खोचलेलं होतं. त्यात लातूर-नांदेड दोन्हीकडच्या मोंढ्यांतले बाजारभाव येत, म्हणून ते धर्माबादला रोज मागवायचे. ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पोरीला बरं वाटेपर्यंत घेऊन जातो, एवढंच म्हणाले. जाताना तिनं रांजणावर झाकण नीट ठेवलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

मी पत्र पाठवलं. ते न फोडता परत आलं, वर सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सध्या पत्र नको.'

त्यानंतर पाटीला हात लावावासा वाटेना. त्याच सुमारास सासऱ्यांच्या खिशातल्या त्या वर्तमानपत्राला सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. मी तिथं लागलो. मालकांनी मुंबईच्या एका एजंटाकडून एक विलायती चित्रकथा घेतली होती. रोज तीन चौकटी, आतल्या पानावर तळाला, बाजारभावाच्या बरोबर खाली.

ती कथा काय होती ते सांगतो. इंग्लंडमधल्या कुणा चित्रकारानं काढलेली, पुढच्या शे-दीडशे वर्षांनंतरची गोष्ट. युद्धं संपलेली आहेत आणि शहराशहरांची भांडणं एका लोखंडी खड्ड्यात खेळून मिटवतात. खेळाडूंच्या अंगावर चिलखत, तळपायाला चाकं. दोघादोघांची जोडी, आणि जोडीतल्या दोघांच्या कमरेला एकच लांब साखळी. तापलेला लोखंडी गोळा समोरच्यांच्या भट्टीत टाकायचा. पडला त्याला खेळ संपेपर्यंत उचलायचं नाही. जोडीदार पडला तर त्याला ओढत खेळायचं. माणसं मरत, आणि वर बसलेली पब्लिक काहीतरी खात बघत असे. नायकाचं इंग्रजी नाव आमच्याकडं कुणाला उच्चारता आलं नसतं, म्हणून तो भैरव झाला आणि त्याचा जोडीदार रुद्रा. सुरुवातीलाच रुद्रा जबर जखमी होतो. त्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात, ना जिवंत ना मेलेला. भैरव त्याच्या वाटणीची साखळी मोकळी फरफटत एकटा खेळत राहतो.

त्या चित्रांत पाऊस लई. काळ्या शाईवर पांढऱ्या ओरखड्यांनी काढलेला तिरपा, दाट पाऊस, आणि त्यात खेळाडू घसरतायत. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं आणि मी टेबलावर भिंग घेऊन तो पाऊस बघत बसायचो. असा हात असलेला माणूस तिकडं कुठं बसून काढत असेल, असं वाटायचं. त्याचं नाव कागदावर कुठंच नसायचं. तोही आमच्याच जातीतला, पाटीखाली सही न करणारा.

भाषांतर करायच्या जोशीबाई. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, शिस्तीच्या, आणि ही कथा त्यांना अजिबात आवडत नसे. रोज शाळेतून येता येता त्या मराठी वाक्यं लिहिलेली चिठ्ठी देऊन जात. मी इंग्रजी अक्षरांवर पांढरा रंग फासायचा, वाळू द्यायचा, आणि तिरक्या निबेनं काळ्या शाईत मराठी लिहायचं. मग छापखान्यातले रशीदभाई त्याचा छपाईसाठी जस्ताचा ब्लॉक करायचे. अॅसिडमधून काढलेला पत्रा धुवायला पाणी लागतं, आणि रशीदभाई ते मगानं मोजून वापरायचे. पत्रा धुताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते हे, की इंग्रजी फुग्यात मराठी मावत नाही. इंग्रजी अक्षरं एकाला एक चिकटून, एका उंचीत बसतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, डोक्यावर रेघ. जिथं त्यांच्या पाच ओळी, तिथं आपल्या तीन. बाईंनी लिहून द्यावं, 'मी तुला कदापि सोडणार नाही', आणि फुगा सुपारीएवढा. मी त्याचं 'सोडत न्हाई' केलं. मावलं. 'तुम्ही सर्वजण सावध राहा'चं 'हुशार ऱ्हावा रे' झालं. तेही मावलं. पुस्तकी मराठी त्या फुग्यांना झेपेना आणि आमची बोली बरोबर बसली. अशा रीतीनं दीडशे वर्षांनंतरचे चिलखतातले खेळाडू जागेच्या अडचणीमुळं लातुरी बोलायला लागले.

बाई नाराज झाल्या, पण लोक खूष झाले. पेपर उलटा धरून आधी खालचं वाचणारी माणसं मी हॉटेलात बघितली. टँकरच्या रांगेत बायका भैरवचा डाव सांगायच्या. एक टँकरवाला माझ्याकडं आला आणि पाठीमागं भैरव काढून द्या म्हणाला, गर्दी जरा दबून राहील. त्या टँकरकडं बघून मला काय वाटत होतं ते त्याला सांगता आलं नाही. मी काढून दिला. गर्दी दबली नाही ती नाहीच.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. चाकूरकडच्या एका गावात जाणत्या गड्यांनी कबड्डीच्या मैदानात कमरेला चऱ्हाट बांधून जोड्यांनी हा खेळ खेळून बघितला. एकाच्या खुब्याचं हाड मोडलं. त्याचा भाऊ पेपर घेऊन ऑफिसात आला. तो भांडला नाही. त्यानं विचारलं की पडलेल्याला उचलायचं नाही हा नियम कुणी लिहिला. मी म्हणालो, विलायतेतल्या माणसानं. तो म्हणाला, "अक्षर तर तुमचं हाय."

आता महानंदाकडं येतो. एके दिवशी बाईंच्या चिठ्ठीत होतं, 'दैव तुझ्या पाठीशी असो.' भैरव सामन्याला निघालेला आणि फाटकावरचा म्हातारा त्याला हे म्हणतो. जागा दोन-तीन शब्दांची होती. माझ्या हातानं लिहिलं, 'डबा घेतला का?' मी पाट्यांना निघताना महानंदा रोज हेच विचारायची. छापून आल्यावर सगळं ऑफिस हसलं. मी मात्र त्या तीन शब्दांकडं बघत बसलो, आणि मला सासऱ्यांच्या कोटाचा खिसा आठवला. पेपर रोज धर्माबादला जातो. भाव वाचून झाले की तो घरात जात असणार. पत्र फोडलं जात नसेल, पण पेपर तर उघडाच असतो.

तेव्हापासून मी मुद्दाम लिहायला लागलो. आठवड्यातून एखादाच शब्द, तोही कथेला धक्का लागणार नाही असा. भैरव आपल्या खोलीत एकटा बसलेला आहे, बाईंचं वाक्य, 'येथे सर्व ठीक आहे.' मी लिहिलं, 'रांजणाला झाकण हाय.' दुसरा खेळाडू विचारतो, झोप लागते का. भैरव म्हणतो, 'भिंतीकडं तोंड करून.' तिच्याशिवाय ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं. लोकांना ती भैरवची तऱ्हा वाटायची.

बाईंना मात्र कळलं. एका संध्याकाळी त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. हे त्यांचं भाषांतर नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी जागेचं कारण पुढं केलं.

"बसवराज, जागेचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही कोणाला लिहिता?"

मी सांगितलं. टँकरचं, पाट्यांचं, पाव तास बडबडलो त्याचं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही त्या परक्या बाईंना. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत एका फुग्यापुढं त्यांनी जागा कोरी सोडली होती आणि कंसात लिहिलं होतं, 'इथे तुमचं. शुद्धलेखन सांभाळा.'

असे काही महिने गेले. मग कथेत तो प्रसंग आला. भैरव पहिल्यांदा दवाखान्यात जातो आणि काचेच्या पेटीपाशी उभा राहतो. बाईंनी मला इंग्रजी वाक्य वाचून दाखवलं आणि त्याचा सरळ अर्थ सांगितला, की मी त्या वेळी तिथे असायला हवा होतो. म्हणाल्या, याचं भाषांतर मी करत नाही, तुम्हीच करा. मी त्या फुग्याशी सबंध दुपार बसलो. आजवर मी माझं बोलणं भैरवच्या तोंडी घालत होतो, आणि आता त्या विलायती माणसानं माझं बोलणं आधीच लिहून ठेवलं होतं. शेवटी लिहिलं, 'हवा होतो मी तिथं. नव्हतो.'

आठ-दहा दिवसांनी रशीदभाईंनी माझ्या टेबलावर एक कार्ड आणून ठेवलं. संपादकांच्या नावानं आलेलं, धर्माबादचा शिक्का, खाली 'एक वाचक.' अक्षर मी ओळखलं. 'भैरव रोज चांगलं बोलतो. पण चौकटीत उभा राहून बोलतो. चौकट सोडून कधी येतो का?'

दुसऱ्या दिवशीच्या तीन चौकटी टेबलावर होत्या. इंग्रजीवर पांढरा रंग फासून झाला होता, लिहायचं राहिलं होतं. एकदा काम पुरं करायला गेलो आणि काय झालं ते मला माहीत होतं. मी निब पुसून ठेवली, रशीदभाईंना जातो म्हणालो आणि दुपारची नांदेडची एसटी धरली.

नांदेडला मुक्काम करून सकाळच्या गाडीनं धर्माबादला गेलो. गाडीत दोन वाक्यं घोकत होतो. 'माझं चुकलं. घरी चल.' एवढंच बोलायचं होतं.

सासऱ्यांच्या अडतीत मिरचीच्या पोत्यांची थप्पी छताला लागलेली. आत पाऊल टाकलं की घसा धरायचा. त्यांनी मला गादीवर बसवलं, प्रवासाची चौकशी केली, आणि वह्या बघायला लागले. पेपर यायला दुपार झाली. त्यांनी भाव बघितले, पेपर आत पाठवला. थोड्या वेळानं महानंदाच बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पेपर. तब्येत सुधारली होती. केस मागं ओढून बांधलेले होते, शाळेतल्या बाईंसारखे.

तांब्या माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "मी रोज वाचते. अप्पाचे भाव झाले की खालचं वाचते."

मी मान हलवली.

"आज तुमचा भैरव बी गप हाय," ती म्हणाली आणि पेपर माझ्यापुढं धरला. तिन्ही चौकटींतले फुगे कोरे होते. माझ्यामागं कुणीच लिहिलं नव्हतं, रशीदभाईंनी तसाच ब्लॉक केला होता आणि तो तसाच छापला गेला होता. भैरव तोंड उघडून उभा आणि तोंडाशी पांढरा गोल.

"तुम्ही यावं म्हणून कार्ड टाकलं. आलाव. आता बोला."

सासरे खाली बघत बसले होते. ते उठून गेले असते तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं, आणि मिरचीचा ठसका हेही नव्हतं. दोन्ही वाक्यं माझ्या घशापर्यंत आली होती. तोंडातून निघालं ते असं, "पाट्या लिहायचं सोडलं मी."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखादं अवघड गणित परत एकदा करून बघावं आणि उत्तर तेच यावं, तसं.

"तुमचं बोलणं हातात हाय," ती म्हणाली. "तोंडात न्हाई. चौकटीतल्या माणसाला मी कवाच माफ केलं. पर त्याच्यासंगं संसार कसा करू? मला घरात बोलणारं माणूस पाहिजे."

ती आत जायला वळली, दारात थांबली.

"लिहीत ऱ्हावा," ती म्हणाली. "बंद करू नका."

सासऱ्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि वरण होतं. भाकरी तिच्या हातची होती, कड न कड शेकलेली. संध्याकाळच्या गाडीत बसवायला ते स्वतः आले.

लातूरला आलो तर मालक मला काढून टाकायच्या तयारीत होते. मला वाचवलं वाचकांनी. कोऱ्या फुग्यांत भैरव काय बोलला असेल ते लिहून लोकांनी कार्डांचा ढीग पाठवला होता. कुणी शिव्या भरल्या होत्या, कुणी अभंगासारखं काहीतरी. उदगीरच्या एकानं तिन्ही फुग्यांत 'पाणी' एवढंच लिहिलं होतं. हे आपण मुद्दाम केलं होतं, असं मालकांनी दुसऱ्या दिवशी छापून टाकलं आणि माझी नोकरी राहिली.

वर्षभरानं उदगीरला मठात दोन्हीकडची चार माणसं बसली आणि सोडचिठ्ठी झाली. भांडण काहीच नव्हतं, त्यामुळं वेळ लागला नाही. कागदावर माझी सही लई देखणी आली. बसलेल्यांपैकी एकजण तसं म्हणालाही.

पुढं कळलं की तिचं लग्न बोधनकडच्या एका बिजवर मास्तरांशी झालं. धर्माबादहून गोदावरीपलीकडचं, आंध्रातलं गाव, तिकडं तेलुगू आणि उर्दू. आपला पेपर तिथं जात नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी बाईंनी दिलेलं जसंच्या तसं लिहायला लागलो, मावत नसेल तर अक्षर बारीक करून. भैरव पुस्तकी बोलू लागला. वाचकांच्या तक्रारी आल्या, की भैरव पुण्याला शिकायला गेला का. बाईंनी सगळं बघितलं. चिठ्ठीतली कोरी जागा मात्र त्या सोडतच राहिल्या. मी ती तशीच परत द्यायचो.

एका दुपारी रशीदभाई टपालाचे अंक बांधायला मदत करत होते. बाहेरगावच्या वर्गणीदारांचे अंक कागदी पट्टीत गुंडाळून वर पत्ता चिकटवायचा असतो. त्यांनी एक गुंडाळी माझ्यापुढं धरली.

"पेंटर, हे बघा. बोधन. तिकडं कोन वाचून राहिलंय आपला पेपर? मास्तर हाय म्हनं कुनी. त्यास्नी लातूरची तूर कितीला गेली त्याचं काय पडलंय?"

मी पत्ता वाचला. मास्तरांचं नाव होतं. गुंडाळी त्यांच्या हातात परत दिली आणि टेबलावर येऊन बसलो. त्या दिवशीच्या चिठ्ठीत कोरी जागा होती. मी लिहिलं, 'हाय का कोणी तिकडं?' कथेतही भैरव अंधाऱ्या बोगद्यात हाक मारत होता, त्यामुळं बिघडलं काही नाही.

त्यानंतर अजून वर्षभर कथा चालली. मी आता काही मागत नव्हतो. नळाला पाणी आलं की भैरव म्हणायचा, 'आज भरून घेतलं.' पाऊस झाला त्या आठवड्यात विलायती पावसात उभा राहून तो म्हणाला, 'आमच्याकडं बी आला.' एवढंच. उत्तर कधी आलं नाही. त्याची वाटही बघत नव्हतो, असं म्हणायला मला आवडेल.

मग एजंटाचा शेवटचा गठ्ठा आला. कथा संपत होती. रुद्रा पेटीतच जातो. भैरव शेवटचा सामना खेळतो, जिंकतो की हरतो याकडं चित्रकारानं फारसं लक्ष दिलेलं नाही. मग तो कमरेची साखळी सोडतो, खड्ड्याच्या मधोमध ठेवतो आणि फाटकाकडं चालायला लागतो. शेवटच्या चौकटीत तो मान वळवून मागं बघतो. तिथं एकच फुगा होता, अगदी लहान. बाईंनी सांगितलं की इंग्रजीत निरोपाचा एक शब्द आहे, आणि त्याला मराठीत जे शब्द आहेत ते सगळे या माणसाला जड होतील. मी त्या फुग्यात लिहिलं, 'येतो.'

बाईंनी ते बघितलं. पहिल्यांदाच म्हणाल्या की हे भाषांतर बरोबर आहे.

दहा-बारा दिवसांनी कार्ड आलं. बोधनचा शिक्का. मजकुराच्या जागेत एकच अक्षर होतं, मधोमध, सावकाश काढलेलं. 'या.' खाली नाव नाही, एक वाचक नाही, काही नाही.

आपल्याकडं जाणारा 'येतो' म्हणतो आणि दारात उभं राहिलेलं माणूस 'या' म्हणतं. यातल्या कुणालाही कुठं यायचं नसतं. मला मराठी येतं, त्यामुळं हे मला चांगलं कळत होतं. तरी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बसस्टँडवर गेलो, खिडकीवर उभं राहून बोधनकडं जायला गाडी कितीला आहे आणि कुठं बदलावी लागते ते नीट विचारून घेतलं. मग ऑफिसात परत आलो आणि दुसऱ्या दिवशीच्या जाहिरातीचं मोठं अक्षर लिहायला बसलो.